अवेळची आंघोळ

हे रत्नागिरीच्या तार ऑफिसात होते. तारेतला मजकूर ज्याच्या नावाचा त्याच्या हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही, अशी शपथ घेऊन ते नोकरीला लागले होते. त्या काळी तार बहुधा मरणाचीच येई. म्हणून दुपारी हे जेवायला घरी आले की शेजारच्या काकू कुंपणाशी येत.

"काय गो, आज कोणाचं?"

"मला काय ठाऊक, काकू."

"नवरा तारेत आणि बायको अंधारात. खरं वाटेल असं तरी सांग."

काकूंना खोटं वाटे, पण ते खरं होतं. मी वाढता वाढता यांच्या चेहऱ्याकडे बघे. गावातल्या कुणाच्या घरचं माणूस गेल्याचं यांना कळलेलं असे, आणि हे शांतपणे आमटी मागून घेत. हा माणूस माझ्यापासून आणखी काय काय लपवत असेल, असा संशय मला तेव्हापासूनचा.

मार्गशीर्षातली एक दुपार. हे आले आणि घरात न शिरता सरळ मागच्या विहिरीवर गेले. रहाटाचा आवाज ऐकून मी दाराशी आले. अंगावरच्या सदरा-धोतरासकट हे डोक्यावर पाणी ओतून घेत होते. तशी आंघोळ आपलं माणूस गेल्याचं कळल्यावरच करतात.

"हे काय अवेळी?"

"उकडत होतं."

"आणि सदरा?"

"शाई सांडली होती."

सदरा मी दोरीवर टाकला तेव्हा नीट पाहिला. शाईचा डाग कुठेच नव्हता. हे पानावर बसले, भात कालवला आणि तसाच ठेवून उठले.

"लांज्याला सगळं बरं आहे ना?" माझं माहेर लांज्याचं.

"मला कुठून कळणार?" टोपी घालून हे परत ऑफिसला गेले.

मी चुलीपाशी बसून राहिले. परक्यांसाठी हे आंघोळ करत नसत, म्हणजे आमच्यातलंच कोणी. वडील दम्याने आजारी होते. पण लांज्याला तारेची सोय नव्हती, तिथली बातमी माणूसच घेऊन आला असता. तार यायची ती मुंबईहून, आणि मुंबईला माझा धाकटा भाऊ नोकरीला होता. वडिलांच्या नावाची तार घेऊन ऑफिसचा माणूस आता लांज्याच्या वाटेवर असेल, हेही मला कळलं. रडायचं ते मी तिथेच रडून घेतलं. संध्याकाळी हे आले, पण माझ्या डोळ्यांकडे त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी लांज्याहून निरोप आला. भाऊच गेला होता. काकू धावत आल्या. मी कोरड्या डोळ्यांनी बसले होते.

"अगो, तुला आधीच ठाऊक होतं वाटतं?"

हे वाक्य गावात फिरलं आणि तार ऑफिसच्या मोठ्या मास्तरांपर्यंत पोचलं. ते समाचाराला म्हणून आले. खाली बघत, अगदी मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "वहिनी, बातमी कुणी सांगितली?"

हे खांबाशी उभे होते. यांची नोकरी त्या क्षणी माझ्या जिभेवर होती.

"लांज्याचा माणूस आला, त्याने," मी म्हणाले. "घरात मला कोणी काही सांगत नाही."

मास्तरांनी यांच्याकडे पाहिलं, मग चहा घेतला आणि गेले. नोकरी राहिली.

मला मात्र नवाच संशय लागला. आंघोळ ऑफिसातही करता आली असती, मग घरी येऊन माझ्यासमोरच का? कितीतरी महिन्यांनी भाजी निवडताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमच्या ऑफिसच्या मागे विहीर आहे ना?"

"आहे. पाणी खारं आहे. अंगावर घ्यायच्याही लायकीचं नाही."

मी पुढची जुडी निवडायला घेतली. पुन्हा तो विषय निघाला नाही.

गेल्या महिन्यात हे गेले. नातेवाइकांना तारा करायला माझे दीर त्याच ऑफिसात जाऊन आले. उन्हातून आले म्हणून मी आत पाण्याला सांगितलं, तर नको म्हणाले.

"तिथेच प्यायलो, वहिनी. मागच्या विहिरीचं. काय गोड पाणी आहे."