इंचभर उंच चप्पल

देवळातून दुसऱ्याची चप्पल घालून आलो, हे कळायला मला दवाखान्याचे दोन जिने चढावे लागले. तरीही मला कळलं नाहीच, बायकोला कळलं. काळजीने पाय जड होतात म्हणतात ते हेच, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. फक्त डावाच का जड झालाय, हे विचारण्याइतकं डोकं ठिकाणावर नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा नाशिक रोडला राहायचो. हिच्या छातीत गाठ निघाली होती. तुकडा तपासायला पाठवला होता आणि त्या दिवशी चार वाजता रिपोर्ट मिळायचा होता. मी तसा सणावारापुरता भक्त. पण त्या दुपारी हिला दवाखान्यातल्या बाकावर बसवलं, "आलोच" म्हणालो आणि स्कूटर काढून थेट गोदाकाठच्या देवीपुढे जाऊन उभा राहिलो. तिथेही काही सुचेना. "बघ बाई, तुझ्यावर आहे," एवढंच म्हणून, बाहेर येऊन चपला पायात सरकवल्या आणि परत फिरलो.

वर पोहोचलो तर ही माझ्या पायांकडे बघत होती.

"अहो, तिरके का उभे आहात?"

"सरळच आहे की."

"डावी चप्पल काढा बघू."

काढली. रंग माझ्याच चपलेचा, पण तळाला इंचभर जाड रबर लावून कडेने नीट शिवलेलं. हिने ती उलटीपालटी करून पाहिली. "एक पाय आखूड असलेल्या माणसाची आहे ही. तो घरी कसा जाईल? देऊन या आधी."

"अगं, पण रिपोर्ट..."

"रिपोर्ट माझा आहे. मी ऐकेन. जा तुम्ही."

देवळाच्या पायरीवर पन्नाशीचे एक गृहस्थ माझी डावी चप्पल शेजारी ठेवून माळ ओढत बसले होते. देवळाली कॅम्पात त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. मी हात जोडून माफी मागितली, तर ते हसले.

"येणार हे माहीत होतं. तिच्यात फार लांब कोण जाईल?"

"मी दोन जिने चढलो."

"मग काहीतरी मोठं चाललंय, दादा."

मी सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "पहिली दहा मिनिटं तुम्हाला शिव्या दिल्या, खोटं कशाला बोलू? मग वाटलं, एवढा गडबडलेला माणूस सुखात नसणार. तेव्हापासून माळ तुमच्यासाठीच चालू आहे. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'चप्पलवाल्याचं भलं कर' म्हणत होतो."

त्यांनी चप्पल चढवली, उभे राहिले आणि दोन पावलं अगदी सरळ टाकली. "लहानपणी पहिल्यांदा अशी चप्पल घातली ना, तेव्हा कळलं की जमीन सपाट असते." मी पंचेचाळीस वर्षं सपाट जमिनीवर चाललो, पण ती सपाट आहे हे कळायची संधी मला आयुष्यात एकदाच आली, त्यांची चप्पल घालून जिना चढताना. तेव्हाही मी काळजीलाच दोष दिला.

परत आलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. बाक रिकामं होतं. मी भिंतीला टेकलो. तेवढ्यात ही डॉक्टरांच्या खोलीतून कागद घेऊन बाहेर आली. "साधी गाठ आहे," म्हणाली, आणि मग मात्र तिचे ओठ थरथरले.

कागदावरची अक्षरं आदल्या दिवशीच उमटली असतील, हे मलाही समजतं. त्यावर माझा वाद नाही. पण मी देवीवर भार टाकला तो एका वाक्याचा, तोही अर्धवट. आणि उरलेली प्रार्थना, मी ज्याला अडकवून ठेवलं तो माणूस पायरीवर बसून पुरी करत होता. एवढं आठवलं की आजही डोळे भरून येतात. भार टाकायचा तर तो कोण उचलेल याची चौकशी करू नये, इतकंच मी शिकलो.

रात्री जेवताना हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "नाव विचारलंत का त्यांचं?"

ते मी विसरलो होतो.

"असू दे," ताटात भाकरी वाढत ती म्हणाली. "आपणही तसंच म्हणू. चप्पलवाल्याचं भलं कर."