ठोकळा हे नाव कुणी फोडलं

ठोकळा हे नाव ठेवलं दादानं. तेव्हा धाकटा तीन वर्षांचा होता आणि त्याला जिथे ठेवाल तिथे तो बसायचा. सुतारकामाच्या लांबट खोलीत बाप आणि दादा फळ्या रंधायला घेत, धाकट्याला कोपऱ्यात टेकवत, आणि दोन तासांनी बघावं तर तो त्याच मांडीत, डोक्यावर भुसा, तोंडातून शब्द नाही. सतरा वर्षांचा दादा म्हणाला, "बाबा, हा आपला नाहीच. चौकटीतून उरलेला ठोकळा आहे, आईनं चुकून अंगडं घातलंय." आई झाडू घेऊन दादाच्या मागे धावली. दादा सुटला, नाव चिकटलं.

मग बाप गेला, वर्षभरात आईही गेली, आणि रंधा, करवत, खोली आणि धाकटा असं सगळं दादाच्या अंगावर पडलं. त्यानं धाकट्याला वाढवलं ते चिडवून. दादाला दुसरी भाषाच येत नव्हती. गिऱ्हाईक कपाट सांगायला आलं की हा विचारणार, "कपडे ठेवायला हवंय, की बायको चिडल्यावर आत बसायला? त्यावर माप ठरतं." लग्नानंतर बायकोशी पहिलं वाक्य बोलला तेही असंच, "तुमच्या घरच्यांनी मला नीट पाहिलंय ना? नंतर बदलून मिळत नाही." कौतुक करायची वेळ आली की त्याचा घसा बसायचा, टोमणा सुचला की मोकळा व्हायचा. धाकट्यानं शाळेच्या संघातून एका सामन्यात चार गोल केले, तेव्हा दादा म्हणाला, "पाय वाकडा, तरी चेंडू सरळ गेला. बक्षीस चेंडूला द्या." धाकटा दिवसभर खूश होता. घरात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती.

धाकटा बोलायला उशिरा लागला, आणि लागला तोही अडखळत. मास्तरांनी त्याला एक वर्ष त्याच वर्गात ठेवलं. दहा वर्षांचा असताना एकदा तो दादाच्या बाकाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, घरात ठोकळा म्हण. बा-बाहेर नको." वर्गात त्याला तोंड उघडायला वेळ लागे तेवढ्यात पोरं हसून मोकळी होत. त्यांच्या हातात हे आयतं नाव पडलं असतं तर संपलंच. दादानं ही गोष्ट मात्र हसण्यावारी नेली नाही. शब्द दिला, आणि चौदा वर्षं पाळला. राष्ट्रीय संघात निवड झाली त्या दिवशीसुद्धा गल्लीतल्या लोकांसमोर त्यानं धाकट्याला नावानंच हाक मारली, आणि मग घरात येऊन दार लावून फोन केला, "ठोकळ्या, देशातली माणसं संपली का रे?" पलीकडे धाकटा ठसका लागेपर्यंत हसला.

स्पर्धा आठवड्यावर आली तेव्हा एका वाहिनीची मुलगी कॅमेरा घेऊन दुकानात आली. दादानं धुतलेला सदरा घातला होता. कॅमेऱ्यासमोर तो लाकडासारखा बोलला: लहानपणापासून मेहनती, आम्हाला अभिमान आहे, वगैरे. कॅमेरा बंद झाला, बायकोनं चहा आणला, मुलगी एका स्टुलावर बसली आणि म्हणाली, "माझ्या घरी मला अजून बेडकी म्हणतात. तुमच्याकडे त्याला काय म्हणता?"

दादाची छाती फुगलेली. तासभर दाबून धरलेली जीभ मोकळी झालेली. त्यानं भुशाची गोष्ट सांगितली, आईच्या झाडूची सांगितली, नाव सांगितलं. मुलगी पोट धरून हसली.

"हे तुमच्याजवळच राहू दे हं," दादा म्हणाला.

"छे हो दादा, तुमचं नाव कुठंच येणार नाही."

ते खरं निघालं. दादाचं नाव कुठंच आलं नाही.

पहिल्या सामन्यात धाकट्यानं पेनल्टी घालवली. दुसऱ्या दिवशी त्या वाहिनीच्याच पेपरात चौकट होती: आपला स्ट्रायकर घरात 'ठोकळा' म्हणून ओळखला जातो, असं त्याच्या अत्यंत जवळच्या व्यक्तीकडून कळतं. दुपारपर्यंत हे सगळ्यांच्या फोनवर पोचलं. दुसऱ्या सामन्यात गोलकीपर पडलेला, जाळी मोकळी, आणि धाकट्याच्या पायाला चेंडू लागून खांबावर. त्या रात्री मैदानातल्या चाळीस हजार लोकांनी ते नाव तालात घेतलं, ठो-कळा, ठो-कळा, आणि टीव्हीवर ते ऐकताना दादाच्या हातातला पेला तसाच राहिला. आई सोडली तर ते नाव जगात फक्त त्यानं मोठ्यानं म्हटलं होतं. कुणीतरी चित्र काढलं: गोलसमोर नऊ नंबरचा शर्ट घातलेलं लाकूड, खाली लिहिलेलं, 'हे उभं केलं असतं तर निदान चेंडू आपटून तरी आत गेला असता.' चित्र चांगलं होतं, हेच वाईट होतं. दादाला कुणाचंही असं चित्र पाहून हसू आलं असतं.

तिसरा सामना जिंकला तरच पुढे जायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी धाकट्याचा फोन आला. दादा एका दाराला बिजागऱ्या बसवत होता.

"दादा, मला क-कळलं कुणी सांगितलं ते."

दादाच्या हातातला स्क्रू भुशात पडला.

"डावऱ्यानं. मी फक्त त्यालाच सांगितलं होतं. शिबिरात, एकदा."

डावरा म्हणजे संघातला डाव्या बाजूचा खेळाडू, धाकट्याच्या खोलीत राहणारा. धाकट्याच्या निम्म्याहून जास्त गोलांना पास त्याचाच असे. सुट्टीत तो दोनदा घरी येऊन गेला होता. बाकीचे लोक धाकट्याची वाक्यं पुरी करून टाकत. हा मात्र थांबायचा, धाकटा अडखळून पुरतं बोलेपर्यंत थांबायचा.

"त्यानं काही म्हटलं का?" दादानं विचारलं.

"नाही म्हणतो. मग कोण? तू सांगणार नाहीस, वहिनी सांगणार नाही. मी बोलणं सोडलंय त्याच्याशी."

इथे बोलायला जागा होती. पलीकडे धाकटा थांबलाही होता. दादा म्हणाला, "माणसं अशीच असतात रे. तू खेळाकडे लक्ष दे."

फोन ठेवल्यावर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी दिसली. त्या दिवशी चहा तिनंच दिला होता.

"सांगितलं नाहीत."

"उद्या सामना आहे. आज सांगितलं तर डोकं फिरेल त्याचं."

"फिरलंच आहे. डावऱ्यावर फिरलंय. अहो, आत्ता लावा फोन. दोन मिनिटांचं काम आहे."

"सामना झाला की सांगतो," दादा म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून भुशात स्क्रू शोधायला लागला. स्क्रूंचा अख्खा डबा बाकावर होता.

तिसरा सामना सगळ्यांनी पाहिला, आणि तो एक क्षण नंतर महिनाभर पुन्हा पुन्हा पाहिला. बरोबरी होती. शेवटची दोन मिनिटं. धाकट्याच्या पायात चेंडू, समोर दोन जण अंगावर आलेले. डावीकडे डावरा एकटा, हात वर करून, त्याच्यासमोर कुणीही नाही. धाकट्यानं मान वळवली. पाहिलं. आणि चेंडू त्या दोघांच्या मधून स्वतःच मारला. तो प्रेक्षकांत गेला. संघ बाहेर पडला.

समालोचक म्हणाला, असा स्वार्थी खेळाडू आपण पाहिला नाही. गल्लीतले लोक त्याच्याही पुढे गेले. त्यानं मान का वळवली आणि मग पास का दिला नाही, हे त्या गल्लीत फक्त दादाला आणि बायकोला माहीत होतं. तो टीव्ही बंद करून गेला आणि पॉलिश झालेल्या दाराला पुन्हा पॉलिशपेपर घासत बसला.

मग लोक येऊ लागले. मापं देऊन गेलेली बाई आली आणि कपाट नको म्हणाली, जाता जाता दारातून म्हणाली, "तुमची दारं तरी चौकटीत जातात ना?" हा टोमणा दादाच्याच जातीचा होता. रोज सकाळी उंबऱ्यापुढे कुणी ना कुणी लाकडाचे तुकडे टाकलेले असत. एकदा एक तरुण माणूस आला, नव्या वस्तीतला असावा, दुकान कुणाचं ते त्याला माहीत नव्हतं. त्याला तळहाताएवढे दोनशे ठोकळे हवे होते.

"कशाला?" दादानं विचारलं.

"संघ उतरणार ना उद्या. विमानतळावर त्याला द्यायचे आहेत. प्रत्येकानं एक."

"लाकूड नाही," दादा म्हणाला.

माणसानं चारी भिंतींना टेकवलेल्या फळ्यांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि वेड्याशी वाद नको म्हणून निघून गेला.

ठोकळे कुणीतरी दुसऱ्यानं करून दिलेच. धाकटा घरी आला तेव्हा त्याच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, दोन टाके होते. तो मागच्या दारानं आला, माडीवर गेला आणि खिडकी लावून घेतली. तीन दिवस वहिनीनं ताट वर नेलं आणि निम्मं भरलेलं खाली आणलं. दादा जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत जायचा आणि पायरी करकरते का ते तपासल्यासारखं करून परत यायचा.

चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते. माझ्या तोंडून ऐकलं तर तुमच्याकडे बघणार नाही तो."

दहा-साडेदहाला धाकटा आपणहून खाली आला. दुकानाचं पुढचं दार बंदच होतं. बाकाजवळ बसून त्यानं एका स्टुलाचा पाय घेतला आणि पॉलिशपेपर मारायला लागला, लहानपणी मारायचा तसा, लाकडाच्या रेषेच्या आडवा.

"ते नाव मी सांगितलं," दादा म्हणाला.

धाकट्याचा हात चालूच होता.

"कॅमेरावाल्या मुलीला. चहा घेताना. डावऱ्याचा काही संबंध नाही."

हात थांबला.

"मी फ-फोन केला तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं मला."

"सामन्याच्या आदल्या दिवशी."

"हो."

"मी म्हटलं डावऱ्यानं सांगितलं. तू म्हणालास, माणसं अशीच असतात."

"म्हणालो."

खोलीत लाकडाचा आणि सरसाचा वास होता. दादाला काही तरी करून हे हलकं करायचं होतं, आणि त्याच्याजवळ होतं तेच त्यानं काढलं. "खरा ठोकळा तुझा दादाच निघाला बघ," तो म्हणाला. वाक्य दोघांच्या मधे पडलं आणि तिथेच राहिलं. धाकट्यानं वर पाहिलं. त्याच्या तोंडावर राग असता तर बरं झालं असतं.

त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि दादाच्या हातात दिला. "त्याला सांग."

डावऱ्यानं फोन उचलला. आधी धाकट्याचं नाव घेऊन "बोल" म्हणाला. दादानं सगळं सांगितलं, एकही टोमणा न मारता, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं लांब. डावऱ्यानं मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाला, "बरं." मग विचारलं, "तो आहे तिथे?"

"आहे. ऐकतोय."

"मी हात वर केला होता. ओरडत होतो. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग मारला. रोज तेवढंच दिसतं मला. मी त्याला दोनदा सांगितलं, मी नाही म्हणून. त्यानं ऐकलं नाही. तुम्ही सांगितलंत, दादा, बरं झालं. पण मला आता काही बोलायचं नाही कुणाशी."

फोन बंद झाला. धाकट्यानं तो परत घेतला, शर्टाला पुसला आणि वर गेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तो क्लबच्या गावी निघून गेला. वहिनीच्या पाया पडला. दादा बॅग उचलायला पुढे झाला, तेव्हा म्हणाला, "राहू दे, हलकी आहे."

महिन्यानं नवा संघ जाहीर झाला. त्यात डावरा होता, धाकटा नव्हता. लोकांनाही तोवर नवा माणूस सापडला होता, त्या पेपरात आता गोलकीपरची चौकट येत होती. दुकानापुढे तुकडे पडायचे थांबले. कपाट नको म्हणणारी बाई परत आली आणि दोन खण जास्त सांगून गेली. दादानं माप लिहून घेतलं, कपाटाबद्दल लागेल तेवढंच बोलला.

धाकट्याचा फोन रविवारी यायचा, वहिनीला. पाचव्या रविवारी ती भांड्यांत हात घालून बसली होती म्हणून तिनं दादाला उचलायला सांगितलं. दादानं उचलला. काय म्हणावं हे सुचायच्या आत पलीकडून धाकटाच बोलला, सावकाश, मुळीच न अडखळता, परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं नीट.

"दादा, तुम्ही कसे आहात? तब्येत बरी आहे ना तुमची?"

दादानं वळून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"बरी आहे," तो म्हणाला.