दारातला उजेड

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका रंगाईच्या मिलमध्ये दगाआप्पा कलर मास्टर होते. धुळ्याकडून येऊन बावीस वर्षं झाली, पण ट्यूबलाइटखाली त्यांनी एकही रंग पास केला नाही. कापडाचा ओला तुकडा इस्त्रीने सुकवायचा, उत्तरेच्या दारात नेऊन नमुन्याला लावायचा, आणि केसाएवढा फरक दिसला तरी मशीन थांबवायची. "डोळे फुटले का रे तुझे?" असं ते ऑपरेटरवर खेकसत. कामगार पाठीमागे शिव्या घालत, पण माल परत रंगवत.

सत्त्याण्णव साली आप्पांना दारातल्या उजेडातही मोरपंखी आणि हिरवा सारखेच दिसू लागले. चार महिने त्यांनी ते बायकोपासून, भागीरथीपासूनही लपवलं. पण मन खात होतं. शेवटी एका सकाळी ते शेठपुढे जाऊन उभे राहिले.

"शेठ, माझे डोळे गेले. चार महिन्यांचा माल मी नुसत्या अंदाजाने सोडलाय. मला काढून टाका."

शेठ बशीतला चहा फुंकत हसले. "अरे दगाभाई, चार महिन्यांत कापडाचा एक तरी ताका परत आला? बाजारात एवढं कोण बघतं? आधी पण कोणी बघत नव्हतं. जा, बस तुझ्या जागेवर."

नोकरी वाचली म्हणून भागीरथीने देवापुढे साखर ठेवली. आप्पांनी तो प्रसाद घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर तुकडा घेऊन इस्त्रीकडे निघाला. आप्पांनी त्याला ट्यूबलाइटखालीच अडवलं. ओल्या तुकड्याकडे न बघता ते म्हणाले, "चालेल."