अण्णांचा कान

हे मी आठ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. आता तुम्हाला सांगतोय. मध्येच अडखळलो तर जरा थांबा.

घणसोली गावातल्या एका गॅरेजात मी आणि साताऱ्याकडचे अण्णा मिस्त्री एकत्र कामाला होतो. जुन्या पेट्रोल गाडीचं टायमिंग — म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडायची ते — अण्णा कानानं लावायचे. इंजिन चालू ठेवून प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर हातानं केसभर फिरवायचे, डोळे मिटून ऐकायचे, आणि म्हणायचे, "कस." मग तो जागचा हलू नये म्हणून मी त्याच्याखालचा बोल्ट कसायचा. माझं काम एवढंच. आणि तेवढंही —

एका निवृत्त मास्तरांची गाडी होती. मी बोल्ट अर्धा कसला, तेवढ्यात चहा आला. पुढे विसरलो. विसरणं हा काय गुन्हा आहे? नसेल. पण पुढचं ऐका.

चौथ्या दिवशी तीच गाडी टो करून आणली. घाटात इंजिन ठोकायला लागलं आणि पिस्टनला भोक पडलं. अण्णा यायच्या आत मी बॉनेट उघडलं. बोल्ट बोटांनी फिरत होता, डिस्ट्रिब्युटर भलतीकडेच सरकला होता. मी पाना घेतला आणि — होता तसाच, त्या चुकीच्या जागी, तो घट्ट कसून टाकला.

मग अण्णांनी तपासलं. बोल्ट घट्ट, टायमिंग पार चुकलेलं. म्हणजे चूक कुणाची? ऐकणाऱ्याची. गॅरेजच्या शेठनी मास्तरांच्या देखत अण्णांचं म्हातारपण काढलं. अण्णा माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "कान गेला रं माझा."

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. जासईला एका कंटेनर यार्डाच्या गेटवर वॉचमन म्हणून बसायला लागले.

गेल्या रविवारी एका जुन्या गाडीचं टायमिंग मला काही केल्या लागेना. तीच घेऊन तिथं गेलो. बॉनेट उघडायच्या आधी सगळं सांगितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार — बसली असती तर बरं झालं असतं.

"आठ वर्सं टीव्ही मोठा करून बघतुया मी," ते म्हणाले. "म्हातारी रोज वराडती."

मग गाडी चालू करायला लावली. डोळे मिटले. हात फिरला, थांबला, पुन्हा जरासा मागे आला — आणि इंजिन शांत, एकसारखं चालू लागलं. मी पाना घेऊन वाकलो, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. बोल्ट स्वतः कसला. दोनदा ओढून बघितला. निघताना म्हणाले, पुढल्या रविवारी असली अजून एखादी असंल तर आण.

माफ केलं का, ते मी विचारलं नाही.

शेठ आणि मास्तर अजून समजतात की ते इंजिन अण्णांच्या कानानं घालवलं. ते मी घालवलं आणि मीच लपवलं, हे त्या दोघांना तोंडावर सांगायचं माझं बाकी आहे.