दाजीबांच्या जागी

तात्यांना रिकामी जागा बघवत नसे. पंगतीत एखादं पान माणसावाचून राहिलं की ते वाढप्यांना थांबवून ओसरीवर जात आणि कुणाला तरी हाताला धरून आणत. मग तो घरून जेवून आलेला का असेना. "मांडलेलं पान उठवायचं नाही," हे त्यांचं पालुपद. कल्याणात असे दोनदा जेवलेले पुष्कळ होते, त्यांतलाच मी एक.

म्युनिसिपालिटीत लोकांनी निवडलेले सभासद बसणार असं ठरलं, तेव्हा आमच्या तटाने तात्यांच्या सांगण्यावरून त्यांचे बालमित्र दाजीबा यांना उभं केलं. कारण आळीचं तळं. त्यात गुरं धुतली जात, तेच पाणी आम्ही पीत असू आणि दरसाल पटकी दोन-चार घरं बसवी. विरुद्ध तटाचा उमेदवार गुरांचा व्यापारी होता. तो आला असता तर तळं तसंच राहिलं असतं. मतदानाला चार दिवस उरले आणि पटकीने दाजीबांनाच गाठलं. सकाळी बोलत होते, दुपारी गेले.

खाडीकाठी चिता पेटली. मी सुन्न उभा होतो. तात्या जवळ आले आणि म्हणाले, "उद्या मामलेदाराकडे जायचंय. दाजीबाच्या जागी तू उभा राहतोस. मंडळींना विचारलंय मी."

मला शिसारी आली. "तात्या, कवटी तरी फुटू द्या," मी म्हणालो.

"तळं थांबतंय होय रे?" म्हणाले, आणि परत चितेकडे गेले.

पुढचे तीन दिवस त्यांनी मला दारोदार हिंडवलं. मत म्हणजे मामलेदारासमोर उभं राहून नाव सांगायचं. लोकांच्या तोंडी दाजीबाच बसलेले, म्हणून तात्या पिकल्या मिशांच्या माणसांकडूनही माझं नाव तीन-तीनदा वदवून घेत. डोळ्यांत टिपूस नाही. काय हा माणूस, असं मनात येऊन मी त्यांच्याशी धड बोललोही नाही.

मतदानाला तात्या सर्वांत शेवटी पुढे आले. कुणाला मत, असं विचारल्यावर खणखणीत म्हणाले, "दाजीबा."

ते वारले ना, पुन्हा सांगा, असं मामलेदार हळूच म्हणाले. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण माझं नाव काही त्यांना आठवेना. मग ते तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडू लागले.

ते मत बाद झालं. मी मात्र निवडून आलो आणि तळं साफ झालं. तात्या पुढे अकरा वर्षं जगले. मला हाक मारताना त्यांच्या तोंडून आधी दाजीबाच निघे. पहिल्या वर्षी मी त्यांना सुधारत असे. नंतर मी ओ देऊ लागलो.