तेलाचे दोन थेंब

निवृत्तीनंतर मी स्कूटर घेतली आणि चालवायला शिकले. माझ्या धाकट्या जावेनेही अगदी तशीच स्कूटर त्याच दिवशी घेतली. तिला मात्र शिकावे लागले नाही. लग्नाआधीच ती माहेरी, शेलार गावात, वडिलांची मोटारसायकल चालवत असे. जन्मभर मी रसायनशास्त्र शिकवले, तरी आमच्या नारपोलीच्या घरात पंपाने पाणी ओढले नाही की हाक जाई ती तिला.

इंजिन ऑइल बदलण्याची वेळ आली, तेव्हा मी पुस्तिका वाचून, ग्रेड पडताळून महागडे सिंथेटिक तेल निवडले. तिने मेकॅनिकने पुढे केलेला साधा डबा घेतला. यजमान म्हणाले, "तिला विचारायचं होतंस. तिला गाडीतलं कळतं."

हे वाक्य मला फार लागले. निदान तेलाच्या बाबतीत तरी घराने माझे ऐकावे, म्हणून काही महिन्यांनी मी दोन्ही तेलांची परीक्षा घेण्याचे ठरवले. आपलेच तेल सरस ठरावे, ही इच्छा शिक्षिकेला शोभणारी नव्हती. पण ती होती.

इंजिने थोडा वेळ चालू ठेवून, तेल मोजण्याच्या कांडीवरून एकेक थेंब मी गाळणकागदावर सोडला. जाऊ ओट्यावर बसून पाहत होती.

"ताई, तुमच्या गाडीत तूप घातलंय म्हणं?"

"थेंब पसरू दे आधी."

"पसरू द्या. आमचं गावठी हाय, लाजायचं न्हाय."

संध्याकाळी पाहिले, तर तिचा थेंब एकसारखा तपकिरी पसरला होता. माझ्या थेंबाभोवती फिकट कडे उमटले होते आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. माझ्या स्कूटरच्या तेलाच्या झाकणाला आतून साईसारखा पांढुरका थर धरला होता.

कारण उघड होते. न जळलेले पेट्रोल आणि बाष्पाचे पाणी तेलात उतरते. इंजिन चांगले तापले तरच ते उडून जाते. माझी स्कूटर दूधकेंद्र आणि वाचनालय यांपलीकडे कधी गेलीच नव्हती. जाऊ मात्र रोज घरच्या गोदामांवर जाई, तिथून माहेरी, आणि येताना कुठेकुठे, ते मला कळतही नसे.

मी हे सगळे जेवताना सांगितले.

"म्हणजे तिचंच तेल चांगलं," यजमान म्हणाले.

"न्हाय ओ भावजी, तेलाचं काय न्हाय," जाऊ म्हणाली. "गाडी घरात बसून आजारी पडली. ताई, उद्या माझ्यासंगं चला शेलारला."

माझी बाजूही तिनेच मांडावी, हे मला सोसवेना. तरीही नाही म्हणायला कारण सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी आपापल्या स्कूटरवर निघालो, तर रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती. दोन कंटेनरांमधल्या फटीतून ती सहज निसटली. मी मागेच अडकले. पुढे कुठेतरी ती माझ्यासाठी थांबली असणार, याची मला खात्री होती. तिने थांबू नये, असे मनापासून वाटत होते.