नाताळबाबाचं घराणं

आमच्या धाकट्या मामांइतका प्लॅस्टिकवर जीव लावणारा माणूस बेळगाव ते निपाणी या टापूत दुसरा झाला नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. आम्ही निपाणीचे. आई-वडील दोघंही तंबाखूच्या वखारीत कामाला. त्यांच्या कपड्यांबरोबर वखार घरी यायची आणि आम्ही शिंकत शिंकतच भाकरी खायचो. गोडधोड म्हणजे कुणाच्या तरी लग्नात. अशा घरात, बेळगावच्या कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर लागलेले मामा नाताळ झाला की केकचे मोडके तुकडे घेऊन यायचे. आम्ही तुकड्यांवर तुटून पडायचो आणि मामा केकवरचा प्लॅस्टिकचा नाताळबाबा उचलून, चाटूनपुसून खिशात ठेवायचे. "खाऊन संपतंय ते तुमचं, न संपणारं माझं," म्हणायचे.

पुढं कॉलेजसाठी मी मामांकडेच राहिले, तेव्हा त्या खिशाचं एक अख्खं कपाट झालं होतं. हरणं, झाडं, बोटाएवढं चर्च, सगळं होतं. पण जीव नाताळबाबांवर. त्यातही जुन्या वस्तू जमवणारे लोक नकलांना हिंग लावून विचारत नाहीत, मामा मात्र नक्कल दिसली की जास्त खूश. विलायती बाबावरून मुंबईत कुणी साचा काढला, मुंबईच्या बाबावरून बेळगावात, बेळगावच्यावरून आणखी कुठं. प्लॅस्टिक थंड होताना आक्रसतं, त्यामुळं प्रत्येक नक्कल बापापेक्षा बुटकी आणि नाक आणखी चपटं. मामांनी त्यांची वंशावळच लावली होती. आलेल्या माणसाला चहाआधी ती बघावी लागे. "ह्यो आजा, ह्यो बाप, ह्यो नातू." एकाची दाढी पांढरी आणि मिशा काळ्याभोर, तो कोल्हापूरकडचा. एकाच्या कपाळावर लाल रंगाचा थेंब पडलेला; तो घरजावई. मी बी.ए. झाले, आमच्या घराण्यातली पहिली, तेव्हा पेढे वाटताना मामा सांगत सुटले, "ह्यांची नाकं पिढीगणिक बसत चालल्यात, आमची वर चालल्यात."

फक्त घराण्याचा मूळ पुरुष मामांकडे नव्हता. तो होता कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे. त्या पूर्वी पियानो शिकवायच्या, म्हणून सगळे त्यांना टीचर म्हणत. दर नाताळला त्या आपला विलायती बाबा बेकरीत आणून देत, तो केकवर बसे आणि सण झाला की धुऊन डबीत जाई. मामांनी बदल्यात नवा देऊ केला, सबंध हरणांचा कळप देऊ केला. टीचर हलल्या नाहीत. शेवटी एका वर्षी गौरी-गणपतीच्या आराशीपुरता, घराण्याची गाठ पडावी म्हणून, त्यांनी तो उसना दिला. मामा डबी पोटाशी धरून सायकल हातानं ढकलत घरी आले.

घात मामींनी केला, तोही भक्तिभावानं. "अंड्याच्या केकात उभा ऱ्हायलेला म्हातारा तसाच गौरीम्होरं बसवू व्हय?" आराशीआधी मामी दरसाल घालत ती उकळत्या पाण्याची आंघोळ देशी नकला निमूट सोसायच्या. विलायती म्हातारा तपेल्यातून बाहेर आला तो कमरेत वाकून, मामींच्या पाया पडत असल्यासारखा.

मामा म्हाताऱ्याला हातात घेऊन खाली बसले. "अवो, बोला की काय तरी," मामी रडकुंडीला आल्या. नाताळ जवळ आला तसं मामांचं जेवण तुटलं. बेकरीचे मालक म्हणाले, "तुझ्याकडचा मुंबईवाला लाव की. टीचरना मोतीबिंदूनं दिसतंय कुठं?"

"त्यास्नी न्हाय दिसत, मला दिसतंय," मामा म्हणाले.

केक द्यायला जाताना मला बरोबर घेतलं. "तू बी.ए. हाईस. तुझ्यासमोर लई रागं भरायच्या न्हाईत." टीचरच्या दारात मात्र माझ्याच मागं उभे राहिले. मग पुढं होऊन त्यांनी वाकडा बाबा टीचरच्या तळहातावर ठेवला आणि झालं ते सगळं सांगितलं. टीचरनी त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ह्याची पण कंबर गेली की रे!" टीचर एकदम हसल्या. "बरं झालं. इतकी वर्षं हा ताठ आणि मीच वाकलेली. लाव, केकवर लाव."

वाकलेला बाबा उभा राहीना, म्हणून मामांनी त्याला आयसिंगमध्ये गुडघ्यापर्यंत पुरलं. पुढचे सगळे नाताळ तो तसाच, काहीतरी शोधत असल्यासारखा, टीचरच्या केकवर उभा राहिला.

टीचर गेल्या त्या वर्षी त्यांचा भाचा डबी घेऊन बेकरीत आला. "आन्टीनं हे तुम्हाला द्यायला सांगितलंय." मामांनी हात धुतले, घरी येऊन कपाट उघडलं, सगळ्यांना एकेक घर मागं सरकवलं आणि वाकलेल्या म्हाताऱ्याला पहिल्या जागी ठेवलं. मामी म्हणाल्या, "झालं की वो मनासारखं." मामा नुसते "व्हय" म्हणाले. घराणं पुरं झालं. त्यानंतर मामांनी एकही बाबा जमवला नाही.